रिफंड नेमका किती येणार : निवृत्त शिक्षिकेच्या एका रिटर्नचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, ओळख पटू नये म्हणून नाव गाव लिहिलेलं नाही आणि रकमा थोड्या बदलल्यात, पण हिशोब सगळा तसाच बसतो. मी सीए नाही, एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघतो आणि ओळखीच्यांचे साधे रिटर्न बरीच वर्षं भरून देतोय. ज्यांचं हे प्रकरण त्या माझ्या चौथीच्या वर्गशिक्षिका, त्यामुळे खाली सगळीकडे त्यांना बाईच म्हटलंय, दुसरं काही तोंडात येतच नाही.

पार्श्वभूमी

बाई ६७ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. सर, म्हणजे बाईंचे यजमान, जानेवारी २०२४ मध्ये गेले. तोपर्यंत बँकेची, पोस्टाची, टॅक्सची सगळी कामं सरच बघायचे, बाईंनी फक्त सह्या केलेल्या. सर गेल्यावर एप्रिल २०२४ मध्ये ठेवी बाईंच्या नावावर झाल्या आणि त्या धावपळीत दोन गोष्टी राहून गेल्या ज्या तेव्हा कुणाच्याच लक्षात आल्या नाहीत. एक म्हणजे बँकेत १५एच फॉर्म, म्हणजे माझ्या व्याजावर टॅक्स कापू नका असं सांगणारा अर्ज, द्यायचा राहिला. दुसरी गोष्ट पुढे येईल.

आर्थिक वर्ष २०२४-२५ मधलं त्यांचं उत्पन्न असं होतं. पेन्शन वर्षभराची ४,९८,०००, त्यावर टॅक्स कापलेला नाही. एका सरकारी बँकेतल्या एफडीचं व्याज ९२,०००. एका सहकारी बँकेतल्या एफडीचं व्याज ७१,०००. पोस्टातली सीनियर सिटिझन योजना, ५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी ४१,०००. आणि सेव्हिंगचं व्याज ६,४००. एकूण ७,०८,४००.

अडचण

जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे मला १९ हजार १७० रुपये टॅक्स भरायला सांगतायत, आणि माझ्या पासबुकात तर टॅक्स कापलेला दिसतोय, मग आणखी कशाचा भरू?"

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला मुलगा दरवर्षी जून आला की रिटर्न भरून देतो. सरांचंही तोच भरायचा. त्याने बाईंची सगळी कागदपत्रं घेऊन हिशोब केला, १९,१७० निघाले, आणि वर म्हणाला की काळजी करू नका, सरांच्या आजारपणाच्या खर्चाचं एक कलम टाकतो, १ लाखाची वजावट दाखवतो, मग टॅक्स शून्य होईल आणि उलट ९,२०० परत मिळतील. त्याचे ५०० रुपये.

बाईंना खटकलं ते इथे. सर गेले जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे २०२४-२५ या वर्षात आजारपणाचा एक रुपयाही खर्च झालेला नाही. "जो खर्च केला नाही तो मी कसा लिहू," हे त्यांचं वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतंय. त्यांना रिफंडची हाव नव्हती, त्यांना फक्त खरा आकडा पाहिजे होता.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गेलो.

आधी बेरीज, मग पोर्टल

रिफंड हा कुणी दिलेला किंवा काढून दिलेला पैसा नसतो, ती वजाबाकीची बाकी असते. वर्षभरात तुमच्या नावावर सरकारकडे जो टॅक्स जमा झालाय, म्हणजे टीडीएस (बँकेसारख्या पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला), टीसीएस (विकणाऱ्याने वसूल केलेला), आगाऊ भरलेला, स्वतः चलनाने भरलेला, त्यातून तुमचा खरा देय टॅक्स सेससकट, म्हणजे टॅक्सवरच्या उपकरासकट, वजा करायचा. उरलं तर रिफंड, कमी पडलं तर भरणा. त्यामुळे आकडा शोधायचा तर दोनच प्रश्न, माझा टॅक्स किती होतो आणि माझ्या नावावर जमा किती आहे. मी बाईंना एवढंच सांगितलं आणि त्यांनी वही काढली.

पहिला प्रश्न. टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी करप्रणाली, आणि दुकानातल्या मुलाने जुनी धरलेली. ७,०८,४०० मधून ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन (पेन्शनवर मिळणारी सरसकट वजावट), ५०,००० ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ८०टीटीबीची वजावट, २२,००० मेडिक्लेमचा हप्ता, राहिले ५,८६,४००. ज्येष्ठांना जुन्या प्रणालीत ३ लाखांपर्यंत टॅक्स नाही, पुढच्या २ लाखांवर ५ टक्के म्हणजे १०,०००, उरलेल्या ८६,४०० वर २० टक्के म्हणजे १७,२८०. एकूण २७,२८० आणि ४ टक्के सेस धरून २८,३७०. त्यातून ९,२०० टीडीएस गेला, १९,१७० भरणा. हिशोब बरोबर होता, त्यात त्या मुलाची चूक नव्हती.

मग आम्ही तेच उत्पन्न नव्या प्रणालीत मांडलं. इथे ८०टीटीबी नाही, मेडिक्लेम नाही, पण स्टँडर्ड डिडक्शन त्या वर्षापासून ७५,००० झालेलं. राहिले ६,३३,४००. ३ लाखांच्या वर ५ टक्क्याने टॅक्स १६,६७०. आणि नव्या प्रणालीत त्या वर्षी करपात्र उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली २५,००० पर्यंत पूर्ण सूट, म्हणजे टॅक्स शून्य. कुठलीही खोटी वजावट न टाकता शून्य. तो मुलगा खोटं कलम टाकून जिथे पोचवणार होता तिथे कायदा बाईंना सरळ हाताने पोचवत होता आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

नवी प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू असते, जुनी पाहिजे तर मागावी लागते. पण फॉर्ममधला प्रश्न उलटा आहे, नव्या प्रणालीतून बाहेर पडायचंय का असं विचारतात, त्यामुळे "हो" म्हटलं की जुनी आणि "नाही" म्हटलं की नवी. माझ्या बघण्यात याच एका प्रश्नावर बऱ्याच जणांचा घोटाळा होतो.

दुसरा प्रश्न, जमा किती. आयकर खात्याच्या पोर्टलवर बाईंच्या पॅनने लॉगिन केलं, २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) उघडलं, एआयएस (खात्याकडे आलेली आपल्या उत्पन्नाची माहिती) उघडलं. २६एएस मध्ये एकच ओळ, सरकारी बँक, टीडीएस ९,२००. म्हणजे पोर्टलच्या हिशोबाने रिफंड ९,२००. मी म्हटलं झालं, भरून टाकू.

बाई पासबुकं घेऊन बसलेल्या. त्या म्हणाल्या थांब. सहकारी बँकेच्या पासबुकात दर तिमाहीला टीडीएस म्हणून ३,५५० वजा झालेत, चार वेळा, म्हणजे १४,२००. ते कुठायत? आणि मग गणित शिकवलेल्या बाईने जो भागाकार केला तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. सरकारी बँकेने ९२ हजारावर ९,२०० कापले म्हणजे दहावा भाग, इथे ७१ हजारावर १४,२०० म्हणजे पाचवा भाग. असं का?

हीच ती राहून गेलेली दुसरी गोष्ट. ठेव सरांच्या नावावरून बाईंच्या नावावर करताना बँकेने बाईंचं नवं खातं उघडलं पण त्याला पॅन जोडलाच नाही. पॅन नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात. आणि पॅन नसल्यामुळे कापलेला टॅक्स सरकारकडे गेला खरा, पण बाईंच्या नावावर जमा झाला नाही. ते व्याजही एआयएसमध्ये नव्हतं.

म्हणजे एका बाईचे, एकाच वर्षाचे तीन आकडे आमच्यासमोर होते. १९,१७० भरा, ९,२०० घ्या, किंवा २३,४०० घ्या.

पर्याय काय काय होते

एक पर्याय असा की सहकारी बँकेचं व्याजही सोडून द्यायचं आणि टीडीएसही. आयकर खात्याला दिसत नाही, टॅक्स तसाही शून्य, ९,२०० घेऊन मोकळं व्हायचं. हे मी बोलून दाखवलं, सुचवलं नाही, पण बाईंनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "माझं उत्पन्न आहे ना ते, मग लिही." आणि ते बरोबरच आहे, शिवाय ज्या उत्पन्नावरचा टीडीएस मागायचा ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

दुसरा, सगळं उत्पन्न दाखवायचं पण आत्ता फक्त ९,२०० मागायचे, आणि बँकेने दुरुस्ती केली की सुधारित रिटर्न भरायचा. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. हा सुरक्षित रस्ता, पण काम दोनदा.

तिसरा, पासबुकाच्या आधारावर आत्ताच २३,४०० मागायचे. स्क्रीनवर आकडा येईल, फॉर्म जाईलही. पण आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्रात रिटर्न तपासताना ते २६एएसशी ताडून बघतात, तिथे १४,२०० दिसले नाहीत की ते सोडून बाकीचं मंजूर करतात आणि मग दुरुस्तीचे अर्ज करत बसा. रिटर्न भरताना दिसणारा रिफंड हा आपण मागितलेला आकडा असतो, मिळणारा नव्हे.

चौथा, थांबायचं. बँकेकडून टीडीएस रिटर्नची, म्हणजे कुणाचा किती टॅक्स कापला याच्या तिने सरकारला दिलेल्या विवरणाची, दुरुस्ती करून घ्यायची, २६एएसमध्ये पूर्ण रक्कम दिसली की एकदाच भरायचं. एरवी ३१ जुलैची मुदत असते आणि मी हे सुचवायला कचरलो असतो, पण मे महिन्यातच मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालेलं, त्यामुळे हातात तीन महिने होते.

आम्ही चौथा घेतला, एका अटीवर. २० ऑगस्टपर्यंत दिसलं नाही तर दुसऱ्या पर्यायावर जायचं. ही तारीख बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली. शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणायचं नाही हे नक्की होतं, कारण तेव्हा पोर्टल मंद चालतं आणि ओटीपी यायला वेळ लागतो.

काय केलं

बँकेच्या शाखेत गेलो तर उत्तर आलं की टीडीएस कापला, सरकारला गेला, आता आमच्या हातात काही नाही, तुम्ही रिटर्नमध्ये मागून घ्या. बाई खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या की कुणाच्या नावावर गेला ते सांगा. त्याचं उत्तर शाखेत कुणाकडे नव्हतं. टीडीएसची रिटर्न मुख्य कार्यालयातून भरतात असं कळलं, तिकडे आणखी एक चक्कर. तिथला माणूस समजूतदार निघाला, पॅनची झेरॉक्स घेतली आणि दुरुस्तीचं रिटर्न भरतो म्हणाला. मी त्याला तोंडीच सांगितलं, लेखी काही दिलं नाही, त्याचा परिणाम पुढे दिसला.

२२ जुलैला २६एएस बघितलं तर सहकारी बँकेची ओळ आलेली, पण ३,५५०. त्याने फक्त शेवटच्या तिमाहीची दुरुस्ती केलेली. टीडीएसचं रिटर्न दर तिमाहीला वेगळं असतं, चार तिमाह्यांच्या चार दुरुस्त्या लागतात, आणि मी "टीडीएस दुरुस्त करा" एवढंच बोललेलो.

हा सगळ्यात अवघड क्षण होता खरं तर. आता रिफंड १२,७५० दिसत होता. बाई दमलेल्या, म्हणाल्या पुरे झालं, एवढे मिळतायत तेवढे घेऊ, उरलेले सोडू. मला त्यांची दमछाक कळत होती, ६७ व्या वर्षी एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा मारणं सोपं नाही. पण १०,६५० रुपये म्हणजे त्यांच्या गॅस, लाईट, औषधाचे दोन तीन महिने. मी म्हटलं बाई, तुम्ही येऊ नका, फक्त अर्जावर सही द्या. त्या अर्जात चारही तिमाह्या, प्रत्येकीची तारीख, व्याज, कापलेली रक्कम, पॅन असं तक्त्यात लिहिलं, पासबुकाच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि कार्यालयातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. ६ ऑगस्टला उरलेल्या तिन्ही ओळी दिसल्या. एकूण २३,४००.

मधल्या काळात रिफंड जमा होणारं खातंही बघून घेतलं आणि बरं झालं बघितलं. पोर्टलवर सरांबरोबरचं जुनं जॉइंट खातं होतं, ते बंद झालेलं. रिफंड फक्त पोर्टलवर पडताळणी झालेल्या आणि पॅन जोडलेल्या खात्यातच येतो. पेन्शनचं खातं जोडलं, पडताळणी व्हायला दोन दिवस लागले.

९ ऑगस्टला आयटीआर-१ भरला. मूल्यांकन वर्ष २०२५-२६ निवडलं (ते उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष असतं), आधीच भरून आलेली माहिती एकेक करून पासबुकाशी ताडली, पेन्शन, चारही ठिकाणचं व्याज, प्रणालीच्या प्रश्नाला "नाही". टॅक्स भरल्याच्या भागात दोन्ही बँकांच्या टीडीएसच्या ओळी मोजल्या. शेवटच्या पानावर एकूण टॅक्स शून्य, भरलेला टॅक्स २३,४००, रिफंड २३,४००. बाईंनी वहीतला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा दोन्हीवर बोट ठेवून बघितलं आणि मग म्हणाल्या, पाठव. लगेच आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय केलं. हे ३० दिवसांच्या आत करावं लागतं, ते राहिलं तर तुम्ही भरलेला रिटर्न धरतच नाहीत.

निकाल

ऑगस्टच्या शेवटी बाईंच्या मोबाईलवर मेसेज आला, तुमचा रिफंड मंजूर झालाय, खात्याची माहिती भरायला या लिंकवर जा, आणि खाली एक रक्कम. बाईंनी मला फोन करून सांगितलं की मी दाबलं नाही, कारण तो माझा आकडाच नाही. मला या सगळ्या प्रकरणात याचं सगळ्यात जास्त समाधान वाटलं. ज्याला आपली रक्कम माहीत नसते तो कुठल्याही रकमेवर विश्वास ठेवतो. आणि खरा रिफंड कुठल्याही लिंकवर माहिती भरून मिळत नाही, तो आधी पडताळलेल्या खात्यात आपोआप येतो.

२ सप्टेंबरला पेन्शनच्या खात्यात २४,१०० जमा झाले आणि आयकर खात्याचं १४३(१) चं सूचनापत्र आलं, आपण मागितलेला आणि त्यांनी मोजलेला आकडा शेजारी शेजारी, दोन्ही सारखे.

एक गोष्ट मात्र भरून आली नाही. आधीच्या वर्षीचा, म्हणजे २०२३-२४ चा रिटर्न बघितला तर त्यातही जुनीच प्रणाली निवडलेली आणि बाईंनी ११,८४० रुपये चलनाने भरलेले. नव्या प्रणालीत तेही शून्य झाले असते. पण त्याचा सुधारित रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपलेली, आणि नंतर जो अपडेटेड रिटर्न भरता येतो तो टॅक्स कमी करायला किंवा रिफंड मागायला वापरता येत नाही. तो रिटर्न भरला तेव्हा सर जाऊन सहा महिने झालेले, बाईंनी कागद बघितलेच नव्हते. हे सांगताना मला जड गेलं.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात एप्रिल २०२४ पासून करायला हवी. बाईंनी १५एच दिला नाही कारण त्यांना वाटायचं उत्पन्न ३ लाखांच्या वर असलं की तो देता येत नाही. तसं नव्हतं. ज्येष्ठांचा वर्षाचा टॅक्स सूट धरून शून्य येत असेल तर १५एच देता यायचा. दिला असता तर सरकारी बँकेचे ९,२०० कापलेच गेले नसते. सहकारी बँकेत मात्र १५एचचाही उपयोग नव्हता, कारण पॅनशिवाय तो फॉर्म चालत नव्हता. तिथे पहिल्या तिमाहीत ३,५५० कापले तेव्हाच पॅन जोडलाय का हे विचारलं असतं तर पुढच्या तीन वेळा एवढं गेलं नसतं. घरातलं माणूस गेल्यावर ठेवी नावावर करून घेताना आपण नाव, वारस, व्याजाचा दर बघतो, पॅन जोडलाय का हे बघत नाही, निदान माझ्या ओळखीत कुणी बघितल्याचं आठवत नाही.

माझी चूक म्हणजे तोंडी बोलण्यावर राहिलो. पहिल्याच फेरीत तक्त्यासकट लेखी दिलं असतं तर जुलैतच काम झालं असतं. आणि दुसरी, मी पोर्टलवरच्या आकड्यावर आधी विश्वास ठेवला. २६एएस मध्ये जे आहे ते दिसतं, जे नाही ते दिसत नाही, ते फक्त पासबुकाशी ताडूनच कळतं. बाई नसत्या तर मी ९,२०० वर रिटर्न पाठवून दिला असता.

थांबण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर माझं मत अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. दुसरा पर्याय घेतला असता तर ९,२०० जुलैतच हातात आले असते, आणि ज्यांना पैशाची निकड आहे त्यांनी तोच घ्यावा असं मी म्हणेन. बाईंना निकड नव्हती आणि दोनदा रिटर्न, दोनदा ओटीपी, दोनदा सूचनापत्र याचा त्यांना जास्त त्रास झाला असता. थांबायचं असेल तर तारीख ठरवूनच थांबावं, नाहीतर सप्टेंबरच्या १५ तारखेला रात्री धावपळ होते.

आता १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंत टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे बाईंच्या दोन्ही ठेवी त्या मर्यादेत येतात. तरी पॅन दोन्हीकडे जोडून घेतला आणि १५एच दिला, व्याज वाढलं तर परत तोच खेळ नको.

पैसे जमा झाल्यावर बाईंचा पहिला प्रश्न होता, आपण २३,४०० मागितले, मग हे जास्तीचे कुठून आले. मुदतीत रिटर्न भरला की रिफंडवर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात, एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचे ३ टक्के म्हणजे ७०२, आणि बेरीज दहाच्या पटीत आणून २४,१००. हे व्याजही पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी वहीचं नवीन पान उघडलं, वर २०२५-२६ लिहिलं आणि पहिल्या ओळीत ७०२ मांडले.